समुद्रावर सतरा घड्याळं बंद

सौ. वहिनीस,

धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार (बसूनच घातलाय, खालची वाळू फार तापलीय). तुझी पाठ कशी आहे? दादाचा डोळा? मी ठणठणीत, फक्त नाकाचं साल निघालंय. (वहिनी, आधी नियम ऐक. दादा डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी घड्याळात डोकं घालून बसला असणार आणि पत्र तू मोठ्याने वाचत असणार. तर कंसातलं सगळं मनातल्या मनात वाच. मध्ये फार वेळ गप्प बसावं लागलं तर खोक.)

"नाहीतरी उंडारतोसच, जरा कामाचं उंडार," म्हणून तुम्ही मला आठवडाभराच्या सुट्टीची सोय बघायला पुढे धाडलंत. खोली मी पहिल्याच दिवशी बघणार होतो. पण वाटेत एक माणूस होडी रंगवत होता, आणि निळ्याशेजारी चक्क हिरवा लावायला निघाला होता. असं बघून पुढे कसं जायचं? दोन दिवस आम्ही मिळून होडी रंगवली. तिसऱ्या दिवशी होडीचा मालक आला, त्याला लाल हवी होती. असो. खोली मिळाली. वरचा मजला, दोन खिडक्या, दोन्हीतून समुद्र. (एकीतून समुद्र, दुसरीतून वाळत घातलेल्या चादरी.) मालकीणबाई लोण्यासारख्या मऊ. (फ्रिजमधल्या लोण्यासारख्या.) बेतही पक्का केलाय: सोमवारी समुद्र बघायचा, मंगळवारी होडीतून तोच समुद्र जवळून, बुधवारचं अजून ठरायचंय, बहुधा समुद्रच.

आता दादासाठी खास. दादा, इथली खारी हवा घड्याळांना मानवत नाही रे. एका रस्त्यावर मी सतरा बंद घड्याळं मोजली, बिघडलेली वेगळीच. न्हाव्याकडे कायम सव्वादहा, बेकरीवाल्याचं उलटं चालतं, धक्क्यावरच्या तिकीटखिडकीत दोन्ही काटे सहावर लोंबकळतायत. लोक एकमेकांना वेळ विचारतात आणि दोघंही कसनुसं हसतात. दुरुस्त करणारा औषधालाही नाही. (साफ खोटं. सगळी घड्याळं टकाटका चालतात. पण तूच म्हणालीस ना, "दुकान बंद ठेवायचं म्हटलं की यांचा पाय दारातून निघत नाही! गेल्या खेपेला पिशव्या भरून दारात ठेवल्या, आणि कुणाच्या तरी आजोबांचं गजराचं घड्याळ आलं. झालं, बसले!" आठ वर्षांत तुझी एक सुट्टी धड झाली नाही, म्हणून हे गाजर. इथे आल्यावर चिडेल, चिडू दे, परतीचं तिकीट सात दिवसांनंतरचं. तुझी अट माझ्या लक्षात आहे: सात दिवस त्याच्या हातात एक स्क्रूड्रायव्हर दिसता कामा नये. हत्यारांची पेटी घरी, तिची किल्ली शेजाऱ्यांकडे.)

तेव्हा लवकर निघा. लाटा वाट बघतायत (त्यांना दुसरं काम नाही, माझ्यासारखंच).

तुमचा,
उडाणटप्पू

ता. क. (हा अख्खा मनात वाच. खोकायचं ते आत्ताच खोकून घे.) सतरा घड्याळं खोटी, पण त्यातलं एक काल दुपारी खरं झालं. दिवाणखान्यातलं लंबकाचं घड्याळ तीन मिनिटं मागे पडतं, असं मालकीणबाई सहज बोलल्या. मी घड्याळवाल्याचा भाऊ, गप्प बसवेना. उघडलं. उघडणं मला छान जमतं. सध्या ते तीन ताटांत आणि एका बशीत पसरलंय. मालकीणबाई म्हणतात, "ठोके पडेपर्यंत खोलीचं नाव काढू नका. आणि ताटं जेवणाआधी रिकामी करा." वहिनी, पाया पडतो, ती हत्यारांची पेटी किल्लीसकट तुझ्या कपड्यांखाली दडवून आण. एक दिवस दादाचा, सहा तुझे.

ता. क. २. (हेही मनातच.) तरीही तो "दुकानाचं कसं होणार" म्हणालाच, तर वाद घालू नकोस. पाकिटाच्या तळाशी कागदात गुंडाळलेलं त्याच घड्याळाचं एक दातेरी चाक आहे. ते मुकाट्याने त्याच्या टेबलावर ठेव आणि म्हण, "तुमच्या भावाने तिथे कुणाचं तरी घड्याळ परत जोडलं, त्यातून हे उरलं." मग तू चपला शोधेपर्यंत तो स्टँडवर पोचलेला असेल.