घरघर कानात नव्हती

सूनबाई,

१९८४ साली तुझ्या सासऱ्यांनी हा स्टिरिओ आणला, तेव्हा आम्ही दोघं आणि माझी धाकटी नणंद जेवायची ताटं घेऊन त्याच्यासमोर बसायचो. हल्ली गाण्यामागे सारखी घरघर यायला लागली. तुझ्या नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "मला नाही गं काही ऐकू येत." मी धरून चालले की माझेच कान गेले. म्हणून डॉक्टरांकडे कानाचं मशीन सांगून ठेवलं आणि स्टिरिओ न्यायला आज भंगारवाल्याला बोलावलं होतं.

काल तू भांडी आवरता आवरता थांबलीस आणि म्हणालीस, "आई, ही घरघर तुमच्या कानात नाही, फ्रिजमुळे येतेय." स्टिरिओचा प्लग फ्रिजच्या बोर्डावरून काढून पलीकडच्या बोर्डाला लावलास, वायरींचा गुंता सोडवलास, आणि दोन ओळींमध्ये गायिकेनं घेतलेला श्वाससुद्धा मला ऐकू आला. तोंडावर कौतुक करायला मला जमत नाही, म्हणून लिहिते. फार उपकार झाले, पोरी.

कानाचं मशीन नको, असं डॉक्टरांना सांगून येते. भंगारवाला आला तर परत पाठव. नवऱ्याला म्हणावं, कान तपासायचे तर आता तुझेच.

सासरे तुझे गेले. नणंद तिच्या लेकीकडे असते, तिच्याशी फोनवर ओरडून बोलावं लागतं. त्यामुळे स्टिरिओसमोर मी एकटीच असते. संध्याकाळी तूही येऊन बस. तुझी ती धांगडधिंग्याची गाणी लावलीस तरी चालतील.

आई