जलदेवाच्या कडेवर

४ मार्च
पोचले एकदाची. बागेच्या फाटकावरची खोली मिळाली; खिडकी उघडली की कारंजं समोर. शंभर वर्षांपूर्वीचा ब्राँझचा जलदेव, कोरड्या हौदात उभा, दाढीत शिंपले, एका हातात कमंडलू उंच धरलेला, दुसऱ्या हाताने कडेवर मूल. सगळा हिरवा पडलाय. तो घासूनपुसून द्यायचा, म्हणजे रविवारी पाणी सुरू होईल. बागेच्या साहेबांनी त्यासाठी शाळेची पोरं बोलावली आहेत. ताई फोनवर हसली. म्हणाली, घरची भांडी घासायला कंटाळतेस आणि देव घासायला निघालीस.

६ मार्च
दाढी झाली. मऊ ब्रश, साबणाचं पाणी, मग मेण. घाई केली की धातू रुसतो. माळीणमावशी चहा आणतात, पण हौदाजवळ येत नाहीत, कप लांब बाकावर ठेवतात. आज कारण कळलं. बऱ्याच वर्षांपूर्वी कारंजं सुरू केलं होतं तेव्हा त्यांची मुलगी यात गेली. पाणी घोटाभर होतं. मुलगी सापडलीच नाही.

७ मार्च
मुलाच्या तोंडावरचा हिरवा थर काढला. मुलगी आहे. पुढचा दात अर्धा तुटलेला, भुवईवर टाक्यांची खूण. देवाच्या कडेवरच्या बाळाला टाके कोण घालेल? मावशींना हाक मारली. त्या काठाशी आल्या.
"माझी चिमी," म्हणाल्या. "झोपाळ्यावरून पडली होती. टाके घालताना मीच धरलं होतं तिला."

८ मार्च
साहेबांना आणून दाखवलं. सगळा देव गारठलेला, तिचा गाल कोमट. त्यांनी हात लावला नाही, मान फिरवली. म्हणजे त्यांना ठाऊक आहे. मला कामावरून काढलं. गेले नाही. पाण्याचा पाइप कापून टाकला. आता बसा म्हणावं बोंबलत.

९ मार्च, रविवार, सकाळ
पाइप कापलाय, तरी हौदात पाणी. कमंडलू तळाला पडलाय. तो धरणारा हात आता खाली आलाय, पसरलेला — आणखी एका पोरासाठी.
भीती वाटते. वाटू दे. फाटकाला आतून कुलूप घातलं. पोरं बाहेर, साहेब बाहेर. मावशी आणि मी, करवत घेऊन —

नंतर
तिला धरलेली बोटं कापली. ती हलली. मावशींच्या गळ्यात पडली — ओली, रडणारी, तेवढीच लहान —

त्याने दुसऱ्या हाताने माझा घोटा धरलाय. मावशी जाईनात. शिव्या घातल्या, तेव्हा पोरीला घेऊन पळाल्या.
वही खिशात आहे म्हणून लिहून ठेवते. पाय घसरला असं कुणी म्हणेल, ते खोटं. मी उतरले. स्वतःहून.
पाय हिरवा पडतोय — गुडघ्यापर्यंत — पण त्याचा अंगठा अर्धा कापून झालाय, करवत चालू आहे, आणि मी अजून