औषधाचं पाणी

सोमवार, ३ मार्च
आजपासून रोजनिशी. वाचायला कुणी नाही, म्हणजे खोटं लिहायचीही गरज नाही.
रक्ताचा रिपोर्ट आला. सीआरपी अठरा. पाचच्या आत हवा. डॉक्टर म्हणाले, शरीरात कुठेतरी सूज आहे, आकडा उतरला की लेकीकडे आठ दिवस जायला हरकत नाही. तिच्या गावीही डायलिसिस होतं, चिठ्ठी देईन म्हणाले. लेकही परवा फोनवर म्हणाली, बाबा, डॉक्टर हो म्हणाले की लगेच या. नातीला शेवटचं पाहिलं तेव्हा रांगत होती. आता शाळेत जाते.
म्हणजे अडलंय फक्त त्या अठरापाशी. बघतोच त्याच्याकडे.

मंगळवार, ४ मार्च
मोबाइलवर चार तास अभ्यास. डायलिसिसवाल्यांच्या अंगात सूज राहते आणि आतून एक प्रकारचा गंज चढतो, हे सार. एकतीस वर्षं कारखान्याचा बॉयलर सांभाळलाय. गंज मला कुणी शिकवू नये! तीन बाटल्या मागवल्या. माशाचं तेल, व्हिटॅमिन ई, द्राक्षाच्या बियांचा अर्क. डॉक्टरांना विचारायचं नाही. एकदम निकालच दाखवायचा.

शुक्रवार, ७ मार्च
शुभारंभ. दिवसाला नऊ कॅप्सूल. केवढाल्या त्या! प्रत्येकीला अर्धा पेला पाणी लागतंच. मला दिवसाला सगळं मिळून एक लिटर पाण्याची परवानगी, चहा धरून. पण औषधाचं पाणी त्यात धरत नाहीत. ते औषधात जातं.
डायलिसिसला शेजारच्या खुर्चीवरच्या खिडकीवाल्यांना गंजाचं सगळं शास्त्र समजावलं. चार तास. ते झोपले होते. माणूस चांगला आहे, मधे तोंड घालत नाही.

सोमवार, १० मार्च
दोन डायलिसिसच्या मधे माझं वजन दोन किलो वाढतं. आज साडेचार. सिस्टर म्हणाल्या, काका, विहीर प्यायलात की काय? मी म्हटलं, काटा बिघडलाय. त्यांनी स्वतः चढून दाखवलं. काटा ठीक.
स्वेटर जाड असणार.

बुधवार, १२ मार्च
स्वेटर, पट्टा, घड्याळ, किल्ल्या, चष्मा, सगळं काढून काट्यावर. तरी साडेतीन. सिस्टर म्हणाल्या, आता आणखी काय काढणार? मशीनने एवढं पाणी ओढलं की पोटऱ्यांत गोळे आले. मी ओरडलो नाही.
थोडा ओरडलो. खिडकीवाले जागे झाले, पाणी हवंय का विचारलं आणि पुन्हा झोपले. गेल्या आठ दिवसांत मला कुणी काही हवंय का विचारलं असेल तर ते एवढंच.

शुक्रवार, १४ मार्च
चार पायऱ्या चढलो तर धाप. डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं, शेवटी पिशवीतून बाटल्या काढाव्या लागल्या. नऊ गुणिले अर्धा पेला, असं त्यांनी कागदावर मांडलं. जवळजवळ एक लिटर, रोजचं वरचं. मी सांगितलं की ते औषधाचं पाणी आहे. डॉक्टरांनी कागद बाजूला सारला आणि सूज कुठे आहे ते शोधायला मान, छाती, पाय तपासले. मग म्हणाले, तोंड उघडा.
मागची दाढ किडलीय, खाली पू. दोन महिने ठणकतेय म्हणा, पण दाढेसाठी किडनीच्या डॉक्टरांना कशाला त्रास द्यायचा? हुकूम सुटला. दाढ काढा, बाटल्या बंद. तोंडाला कुलूप लावून घरी आलो. घरी तसंही ते लागतंच.

सोमवार, ३१ मार्च, दुपारी
सीआरपी साडेचार! डॉक्टर म्हणतात, दाढ गेली म्हणून. म्हणू देत बापडे. कॅप्सूलचा गुण उशिरा दिसतो. वजनही ताब्यात. चिठ्ठी लिहून दिली, शिक्क्यासकट. सिस्टर म्हणाल्या, काका, जिंकलात!
सहाला फोन करणार. तेव्हा नात घरी असते. शर्ट इस्त्रीला टाकले.

सोमवार, ३१ मार्च, संध्याकाळी सात
फोन झाला. आकडा सांगितला. लेक अरे वा म्हणाली. मग म्हणाली, पण डॉक्टर प्रवासाला नकोच म्हणाले असतील ना, बाबा?
मी हो म्हणालो. का कोण जाणे, तोंडातून निघूनच गेलं. चिठ्ठी समोरच होती.
तशी ती एकदम मोकळी झाली. तब्येत आधी, घाई कसली, म्हणाली. जावयांची बढती, नातीची नवी सायकल, मधल्या खोलीत आता जावयांचं ऑफिस केलंय, सगळं सांगितलं. एरवी चार मिनिटांत आवरतं घेते, आज बावीस मिनिटं बोलली. नातही आली फोनवर. कोण बोलतंय ते तिला आधी सांगावं लागलं, पण बोलली छान.
इतका चांगला फोन कित्येक महिन्यांत झाला नव्हता. ठेवल्यावर रडू आलं. एकट्याने रडायला तसा त्रास नसतो, कुणाला कारण सांगावं लागत नाही.
पुढच्या महिन्यातही डॉक्टर नकोच म्हणणार आहेत.