सोप्या पासचे टक्के

अल खोर, रविवार

प्रिय शोभा,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही पोटभर. तुझा गुडघा जिना चढू देतो का आता? मधुभाऊ गोळ्या आपणहून घेतात की तू डोळे वटारल्यावरच? तुम्ही आखात सोडून पुण्याला गेल्यापासून समोरच्या दाराशी परक्यांच्या चपला दिसतात आणि मला त्या बिचाऱ्यांचा उगीच राग येतो.

इथे घराचा श्वास अडकलाय. आमच्या लेकीने, हनियाने, मुलगा पसंत केलाय. जैद, मूळचा चिपळूणचा, राहतो इथून तासाभरावर, अल हिलालला. माणसं चांगली, मुलगा गोड. अडलंय ते कामावर. तो अमेरिकेतल्या एका संघासाठी फुटबॉलची आकडेमोड करतो (आपला पायाने खेळायचा नव्हे, त्यांचा, चेंडू काखेत घेऊन पळायचा). त्यात क्वार्टरबॅक नावाचा गडी मागे उभा राहून चेंडू पुढे फेकतो आणि धिप्पाड माणसं त्याला आडवं करायला धावून येतात. त्याची फेक खरंच चांगली होती का, ते जैद ठरवतो. ‘ही नोकरी आहे की रिकामपण?’ असं आमचे हे, अब्बास, म्हणाले, आणि हनियाने दोन दिवस जेवणात मन घातलं नाही. शेवटी ठरलं, शुक्रवारी नमाजनंतर मुलाला जेवायला बोलवायचं आणि मग हो किंवा नाही.

मी हनियाकडून त्याचं काम समजून घेतलं, आपल्या कॉन्व्हेंटमधल्या वक्तृत्व स्पर्धेसारखी तयारी केली (तेव्हा तू पडद्याआडून मला ओळी पुरवायचीस, इथे कोण होतं?). दहापैकी आठ पास, म्हणजे फेका, आपल्या गड्याच्या हाती पोचले म्हणून गडी हुशार ठरत नाही, शोभा. जवळच्याला कोणीही देईल. पास किती लांबचा, पकडणाऱ्याला किती जणांनी घेरलेलं, फेकणाऱ्याच्या अंगावर कोण आलेलं, हे बघून असा पास एरवी कितीदा पोचतो ते काढायचं. त्याहून जेवढे जास्त पोचवले, ती त्याची कमाई. मला हे इतकं पटलं की मी सांदणं वाढता वाढता त्यालाच विचारलं, आणि पोरगा खुलला. रश्श्याच्या वाटीला क्वार्टरबॅक केलं, खजुरांनी तिला घेरलं. अब्बाससुद्धा वाकून बघायला लागले. मी मनात अल्लाला शुक्रन म्हटलं.

तिथेच थांबायचं की नाही? पण अब्बासना चेव आला. त्यांनी प्लांटची गोष्ट काढली, तुला पाठ आहे ती: इतकी वर्षं शिफ्ट सांभाळली, एकदाही यंत्र बंद पडलं नाही. जैदने मान डोलावली आणि अगदी आदराने विचारलं, “पण अंकल, तुमच्या शिफ्टला अवघड काम किती यायचं?”

हनिया पुटपुटली, “जैद, प्लीज, नॉट हिम. अब्बांना नको मोजूस.” अब्बासनी हात धुतले आणि आत गेले. शीरखुर्मा कोणी चाखला नाही. जैद निघताना मला म्हणाला, “आंटी, मी खरंच कौतुकाने विचारलं.” खरंच होतं ते. म्हणून तर जास्त लागलं. तेव्हापासून अब्बास खोलीतच बसून असतात, आणि हनिया त्यांच्या दाराकडे बघत बसते.

मधुभाऊंना सलाम.

तुझीच,
ताहेरुन्निसा

ता. क. – खरं म्हणजे पत्र यासाठीच. मधुभाऊ प्लांटवर अब्बासच्या आधीच्या शिफ्टला असायचे. त्यांनी फोन करून सहज म्हणावं, ‘अब्बास, सगळी अवघड कामं तुझ्याच गळ्यात पडायची.’ खरं-खोटं नंतर बघू.

ता. क. २ – पाकीट बंद करणार तोच अब्बास बाहेर आले. म्हणाले, “इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नाही. तोंडावर विचारतो, म्हणजे पाठीमागे बोलणारा नाही. बोलव त्याला. आधी माझं उत्तर ऐकू दे, मग हनियाचं ठरवू.” पोरगी रडली आणि मग दोन वेळचं एकदम जेवली. पण साक्षीला मधुभाऊ फोनवर हवेत म्हणतात, स्पीकर लावून. तेव्हा वरची विनंती खलास. मधुभाऊंनी खरं तेच सांगावं, अब्बास आणि ते कामावरून भांडले होते तेही. दोस्ताने दोस्ताची तारीफ केली तर जैद लगेच विचारेल, हा पास किती सोपा होता?