अम्मीसाठी फ्रेंच पाव

अब्बा, आपल्या पिरंगुटच्या भट्टीत हल्ली मी फ्रेंच पाव भाजते. हसाल तुम्ही. साखर नाही, तेल नाही, विकतचं यीस्टही नाही. कोंड्यासकट गव्हाचं पीठ, पाणी, मीठ आणि पीठ-पाणी कालवून ठेवल्यावर काही दिवसांनी आपसूक फसफसायला लागतं ते खमीर, एवढंच.

आठवतं, मी लहान असताना कारखान्यातला एक माणूस आपल्या दुकानासमोर चक्कर येऊन पडला होता? रोज चहा-पावावर राहायचा. तुम्ही त्याला बाकावर बसवलंत, अम्मीनं डाळ आणली आणि तुम्ही ओरडताय, "नुसत्या पावानं पोट भरतं रं, ताकद न्हाई येत. डाळ खा आदी!" पाव विकणारा माणूस असं बोलतो, याचंच मला त्या वयात नवल वाटलं होतं.

तुमच्यानंतर अम्मीला शुगर निघाली. डॉक्टरांनी मैद्याचा पाव बंद केला. ती दुकानात बसून गरम पावाचा वास घ्यायची आणि घरी अर्धी भाकरी टाकून उठायची. वाळत चालली होती. म्हणून मी हिंजवडीतल्या एका बेकरीत शिकायला गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, पांढऱ्या फ्रेंच पावानंही रक्तातली साखर चढतेच. पण कोंड्यासकट पीठ घेऊन सावकाश आंबवलं, तर दमानं चढते, आणि गव्हातलं लोहही अंगी जास्त लागतं. हे सगळं खमिरातले जीव करतात, म्हणाल्या. डोळ्यांना न दिसणारे जीव पिठात एवढं काम करतात, आणि मी जन्मभर भट्टीशेजारी राहून त्यांना नुसता फुगवटा समजत होते!

पहिले पाव विटेसारखे झाले. मग एका सकाळी एक फुलला. बाहेर काढल्यावर त्याची साल तडतडायला लागली. अम्मी कान लावून ऐकतेय. "अगं, हा बोलतोय की!" मी एक काप उसळीबरोबर दिला. तिनं कितीतरी वेळ चावला. "आंबट हाय. पन लई गोड लागतंय." दोन तासांनी शुगर तपासली. वाढली होती, पण मैद्याच्या पावानं वाढायची तेवढी नाही. आजार गेला नाही, औषधं चालू आहेत. पण ती आता पोटभर जेवते, अंग धरलंय तिनं.

हे पाठवणार कुठं? एकच सांगते. तो पाव भट्टीतून निघाला तेव्हा मी मागं वळून मोठ्यानं "अब्बा, बघा!" म्हणाले. अम्मीनं ऐकलं. तीही मागं वळली.