तीस सकाळींची भूल

४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

तुझ्या भाचीच्या डोक्यातली गाठ काढली, पण थोडी आत राहिली आहे म्हणतात. म्हणून तीस दिवस मशीनखाली किरणांचा शेक. तेवढा वेळ चार वर्षांचं पोर निपचित पडणार कसं? म्हणून रोज सकाळी भूल. तिच्या हाताच्या शिरा सापडेनाशा झाल्यात, त्यामुळे मास्कमधून वास देतात. ती किंचाळते, मी हात धरून ठेवते. आज मला कडकडून चावली. उपाशीपोटी न्यायचं असतं. ती दूध मागते तेव्हा मी खिडकीबाहेर बघत राहते.

लहानपणी झोपेत बडबडणारा तू, आता लोकांना झोपवतोस. मग खरं सांग, जागेपणी शेक देता येत नाही का?

लोभ आहेच, तो आता जरा कामी येऊ दे.
तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जागेपणी नाही गं जमणार. जराशी हलली तरी शेक भलतीकडे लागेल, आणि त्या खोलीत तुला थांबता येत नाही. डोळे मिटल्यावर ती हातपाय झाडते, ते तिला आठवत नाही. मिनिटभराचं काम आहे, असं मी रोज आईबापांना सांगतो. ते मिनिट आईला केवढं वाटतं, हे कधी मनातच आलं नव्हतं. लाज वाटली. मीच येऊन भूल दिली असती, पण स्वतःच्या भाचीला भूल द्यायचा धीर होत नाही.

तिथल्या डॉक्टरीणबाईंकडून एक मास्क मागून घरी आण. तिला खेळू दे, मग तिचा तिलाच धरू दे.

माया करतेसच, चार शिव्याही देत जा.
तुझा धाकटा

२१ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

युक्ती लागू पडली. बाहुलीला, बाबाला, शेजारच्या आजींना, सगळ्यांना मास्क लावून झाला. बाबा तर खुर्चीत खरंच घोरायला लागला. आता तीच मास्क धरते, भुलीच्या मशीनचा फुगा फुगवते. नर्स टाळ्या वाजवतात. मला मात्र भरून येतं. किंचाळायची तेव्हा निदान माझ्यावर रागवायची रे. आता दूधही मागत नाही.

सुट्ट्या सोडून काल चौदावा दिवस झाला. गुण येतोय की नाही, हे इतक्यात कळणार नाही म्हणतात. आज दाराशीच तिनं माझा हात सोडला आणि मला बाहेर बसायला सांगितलं. आईला हे बघवत नाही, असं डॉक्टरीणबाईंना समजावलंसुद्धा. मी बाहेर बसले.

लोभ राहू दे. उत्तर लवकर धाड, पण आता युक्ती नको.
ताई