प्रेमाचं कडवं एकटं सोडू नये

९ एप्रिल, रविवार सकाळ

चि. सौ. खारूस,

अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार. नातीला माझ्याकडून एक गालगुच्चा. त्यावर ती चावली तर तोही पोचला असं समजेन.

इकडे सर्व ठीक. गुडघा कुरकुरतो, पण चालतो. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने कुत्रा आणलाय आणि तो मला बघितलं की झोपतो. चाळीस वर्षं विद्यार्थ्यांनी तेच केलं, त्यामुळे मला परकं वाटत नाही.

तू विचारलंस, "बाबा, निवृत्त झालात, तुमची खोली रंगवून झाली, न्हाणीघरात धरायला दांडीसुद्धा बसवली, आता राहायला कधी येताय ते एकदाचं सांगा." सांगतो. त्यासाठीच लिहायला बसलोय. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू माझं एकही वाक्य पुरं होऊ देत नाहीस. आईवर गेलीस.

तर तारखेचं असं आहे, की आधी माझ्या निरोप समारंभाचं सांगायला हवं.

आमच्या जपानी अभ्यास विभागात निवृत्त होणाऱ्या माणसावर भाषणं करतात. मी म्हटलं, मला मेल्यासारखं वाटेल, दुसरं काहीतरी करा. मग आमचे शून्यशास्त्री म्हणाले, साखळीकाव्याची बैठक करू. शून्यशास्त्री म्हणजे विभागप्रमुख. जपानी तत्त्वज्ञान शिकवतात. सर्व काही शून्य आहे यावर त्यांचा ग्रंथ आहे आणि तो उचलायला दोन माणसं लागतात.

तुला थोडक्यात सांगतो, जांभई देऊ नकोस. जुन्या जपानात चार माणसं एकत्र बसून एकच लांबलचक कविता रचत. पहिल्याने तीन ओळी लिहायच्या, शेजारच्याने त्याला दोन जोडायच्या, पुढच्याने पुन्हा तीन. प्रत्येकाने लगतच्या कडव्याशी जुळवून घ्यायचं आणि त्याच्याही आधीच्याकडे पाठ फिरवायची, म्हणजे कविता एका जागी घुटमळत नाही. हे मी जन्मभर शिकवलं, पण स्वतः कधी बैठकीत बसलो नव्हतो. कोरड्या अंगाने पोहायला शिकवणारे मास्तर असतात ना, त्यातला मी.

चौघं बसलो. मी, माझ्या डाव्या हाताला इतिहासबाई, मग शून्यशास्त्री आणि शेवटी नियमावली. नियमावली हा आमचा तरुण सहकारी. त्याला साखळीकाव्याचे सगळे नियम तोंडपाठ आहेत आणि दुसरं काहीच येत नाही, असं इतिहासबाई म्हणतात. शून्यशास्त्रींनी चंद्र आणला की हा म्हणे, "सर, चंद्र होऊन गेला." मी नदी आणली की, "सर, पाणी आत्ताच येऊन गेलं." नळाला पाणी येण्याच्या वेळा ऐकतोय असं वाटायला लागलं.

इतिहासबाई तुला आठवतात. आई गेली तेव्हा मोठा डबा घेऊन आल्या होत्या आणि तुला म्हणाल्या होत्या, "रड, पण आधी खा." जपानचा इतिहास शिकवतात. त्यांची खोली माझ्या खोलीला लागून आहे, आणि किटली त्यांच्याकडे असल्यामुळे संध्याकाळचा चहा तिथेच व्हायचा. त्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ संध्याकाळी कायम मागे. मी दोनदा तक्रार करून माणूस बोलावला. तो दुरुस्त करून जायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मागे. भिंतीला ओल असावी, असं मी अनुमान काढलं होतं. विद्वान माणूस आहे मी.

तर बैठक. मी धुक्यातल्या पुलावर एक कडवं तयार ठेवलं होतं. घरूनच रचून नेलं होतं, कुणाला सांगू नकोस. तेवढ्यात नियमावली म्हणाला, "सर, प्रेम अजून आलेलंच नाही. प्रेमाशिवाय बैठक पुरी होत नाही. आता तुम्हीच."

मी इकडे तिकडे बघितलं. समोर बाईंची किटली होती. लिहून टाकलं:

दोन पेल्यांत
एक किटली रिती,
उठवेचना.

आता इथे एक नियम आहे, आणि सगळी भानगड त्यानेच केली. प्रेमाचं कडवं एकटं सोडू नये. एकाने प्रेम आणलं की पुढच्याला प्रेमानेच उत्तर द्यावं लागतं. त्याला वाऱ्यावर सोडणं हा असभ्यपणा मानतात. पुढच्या होत्या इतिहासबाई. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि लिहिलं:

घड्याळ मीच मागे
केलंय, बस जरा.

खारू, माझ्या हातातला पेला तसाच राहिला.

नियमावली म्हणाला, "वा, नियमाला धरून आहे." शून्यशास्त्री म्हणाले, "कवितेतला 'मी' म्हणजे कवी नव्हे." त्यावर नियमावली म्हणाला, मग घड्याळ तरी घड्याळ आहे का? दोघांची अशी जुंपली की पुढचं कडवं लिहायचं राहूनच गेलं. इतिहासबाई शांतपणे पेले विसळत होत्या. आणि मला बोलायला तोंड नव्हतं, कारण कवितेतला 'मी' म्हणजे कवी नव्हे हे त्या दोघांना मीच शिकवलंय. बैठकीत टक्कल पडलेले म्हातारे भिक्षू वाट बघणाऱ्या तरुणी होऊन लिहीत, हे माझं आवडतं उदाहरण. प्रेमकाव्यात कवीचं चरित्र शोधणाऱ्या मुलांना मी नापास केलंय. आता माझाच नियम माझ्या अंगाशी आला. बाईंनी हे मनापासून लिहिलं की शिष्टाचार म्हणून? कोणाला विचारणार? या विषयातला तज्ज्ञ मीच.

तीन दिवस जेवण गेलं नाही. हसू नकोस.

चौथ्या दिवशी पुस्तकं न्यायचं निमित्त करून गेलो आणि त्यांना म्हटलं, "तुमच्या त्या कडव्याचे तीन अर्थ संभवतात."

"तीन?" त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं एकही लागला नाही, आणि आता एकदम तीन?"

"म्हणजे घड्याळ खरंच..."

"अहो, तुमच्या मिसेस गेल्यापासून तुम्ही घरी जायला उठायचात आणि दारापाशीच उभे राहायचात. पिशवी या हातातून त्या हातात. मला बघवायचं नाही. म्हटलं, घड्याळच मागे राहू दे. तुम्ही मात्र माणूस बोलावून दुरुस्त करायचात. दोनदा! रोज स्टुलावर चढत होते मी, या गुडघ्याने."

मी खाली बसलो. रडलो, खरंच सांगतो. त्यांनी किटली ठेवली.

आता तुला कळलं असेल, तू संध्याकाळी फोन करायचीस तेव्हा मी घरी का नसायचो. "बस चुकली" म्हणायचो, तेव्हा तू मला वेंधळा म्हणायचीस. बस खरंच चुकायची गं. कुणीतरी मन लावून चुकवत होतं.

तर बाळ, मी राहायला येत नाहीये. हे लिहायला मला इतकी पानं लागली. इतिहासबाई आणि मी लग्न करायचं म्हणतोय, साधं, सहीचं. शून्यशास्त्री साक्षीदार व्हायला तयार आहेत, शून्यावर विश्वास असूनही. पण बाईंनी मला बजावलंय, "आधी मुलीला कळवा. तिने खोली रंगवलीय. ती नाही म्हणाली तर चहा आहेच, बाकीचं राहू द्या." त्या शब्दाच्या पक्क्या आहेत, म्हणून मला भीती वाटते.

आईचं काय, असं तुझ्या मनात येईल. मागे पडलेल्या कडव्याकडे पाठ फिरवावी असा नियम आहे, पण तो मला पाळता येणार नाही. तिचा फोटो होता तिथेच राहील. बाईच म्हणाल्या, "तो हलवलात तर मी घरात पाऊल टाकणार नाही." तुझ्या आईला मी अजून रोज शोधतो, खारू, आणि तरी मला संध्याकाळी कुणाशी तरी चहा प्यायचा आहे. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. मला त्या जुळवता येत नाहीत. तुला येतात का बघ.

ती बैठक प्रेमाच्या त्या दुसऱ्या कडव्यावरच अडकून पडलीय, आणि नियमावलीला त्यामुळे झोप लागत नाही. पुढच्या तीन ओळी कुणाच्या, हे मी आणि बाईंनी ठरवलंय. तुझ्या. तुला कविता येत नाहीत हे ठाऊक आहे. शिव्या घातल्यास तरी चालेल, फक्त तीन ओळींत बसव. आणि पाठ फिरवायची असली तर तीही नियमात बसते, पण फिरवू नकोस गं.

न्हाणीघरातली दांडी मात्र काढू नकोस. आलो तर दोघं येऊ, आणि स्टुलावर चढून चढून त्यांचा गुडघा माझ्यापेक्षा वाईट झालाय.

उत्तर येईपर्यंत घड्याळ मागे लावून बसलेला,

तुझा वेंधळा बाबा